हरलेल्यानं विचारायचा प्रश्न

हनीफ,

शुक्रवारी दुपारी जेवण झाल्यावर मी सवयीनं कॅरमबोर्ड खाली काढला, पावडर टाकली, सोंगट्या लावल्या आणि मग समोरची खुर्ची बघितली. बोर्ड परत भिंतीला टांगायला हात धजला नाही. तो अजून टेबलावरच आहे. वैशालीनं भाजी निवडायला जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं.

तुला जाऊन अजून महिना झालेला नाही. प्लॅंटच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तुझ्याबद्दल बरंच लिहून आलं. कोणी तुझ्या नोकरीची वर्षं लिहिली, कोणी मिळालेली प्रशस्तिपत्रं. त्यातलं एक साल चुकलेलं होतं, ते मी दुरुस्त करून पाठवलं. तू असतास तर म्हणाला असतास, "मीटर, मयताच्या घरी पण कॅलिब्रेशन?"

मीटर हे तू मला ठेवलेलं नाव. पाइपातून किती तेल गेलं ते मोजणारी यंत्रं बरोबर मोजतात की नाही, हे तपासणं माझं काम. तू सेफ्टीवाला. म्हणजे मी काम सुरू करणार आणि तू ते थांबवणार. अशा दोन माणसांची मैत्री व्हायला नको होती. पण सौदीतल्या अबकैकसारख्या गावात मराठीत भांडायला माणूस मिळणं ही काही लहान गोष्ट नाही, आणि तू हर्णैचा, मी कराडचा, त्यामुळे भांडायला विषय शोधावा लागत नव्हता.

आपला शेवटचा वाद अर्धाच राहिला. बाकी सगळं लोकांनी लिहिलं आहे, म्हणून मी तेवढाच लिहितो.

सुरुवात तूच केलीस. जुम्म्याची नमाज आटोपून आलास, चप्पल काढता काढता म्हणालास, "मीटर, तुला ठाऊक आहे का, ग्लॅडिएटरांना पंच असायचे!"

मला ग्लॅडिएटर म्हणजे एवढंच माहीत होतं, की जुन्या रोममध्ये गोल मैदानात माणसं हत्यारं घेऊन एकमेकांवर सोडायचे आणि लोक वर बसून ओरडायचे. तू फोनवर काहीतरी बघून आला होतास आणि तोंडातून शब्द नुसते सांडत होते. पंचांच्या हातात लांब काठी. नियम मोडला की काठी मध्ये. जोड्या तोलून लावलेल्या. एकाकडे मोठी ढाल, तर दुसऱ्याकडे जाळं आणि त्रिशूळ.

"जाळं?" वैशालीनं आतून विचारलं.

"जाळं, वहिनी! आणि समोरच्याच्या डोक्यावरचा टोप माशाच्या तोंडासारखा. आता सांगा, तो जाळंवाला कुठला असणार? हर्णैचाच! कराडवाल्यांना जाळं फेकायला जमणार आहे काय?"

मग मुद्द्यावर आलास. पंच होते, नियम होते, तालीम होती, जव आणि कडधान्यांचा खुराक होता, जखमा शिवायला वैद्य होते. "म्हणजे तो खेळच झाला. कत्तल नाय."

मी म्हटलं, "फाशी देतानाही डॉक्टर हजर असतो. म्हणून फाशी हा दवाखाना होत नाही."

तू मांडीवर थाप मारलीस. "हे मात्र बरं बोललास." आणि चहा आधी माझ्या कपात ओतलास. तुझी ही एक गोष्ट मला नेहमी आवडत आली. समोरच्याचा मुद्दा लागला की तू तो लागला म्हणायचास, आणि लगेच दुसऱ्या बाजूनं यायचास.

त्यानंतर हा विषय दर शुक्रवारी निघू लागला. कधी तू वाचून यायचास, कधी मी. त्यांच्यात सगळेच गुलाम नव्हते, काही मोकळी माणसं आपणहून शपथ घेऊन ठरावीक मुदतीसाठी जायची, हे मी वाचलं आणि प्रामाणिकपणे तुला सांगितलं. मुदतभर त्यांचा मालक दुसराच. खोली त्याची, जेवण त्याचं, सुटका त्याच्या मर्जीवर.

"कफील!" तू ओरडलास. "अरे, हा तर कफील! आणि तो इकामा!"

"तुलना जपून कर," मी म्हटलं. "कफील नोकरीचा मालक, जिवाचा नाही; इकामा नुसता राहायचा परवाना. आणि आपण सुट्टीला घरी जातो."

"ते पण जात असतील. तुला काय माहीत?"

मुदत संपवून सुटणाऱ्याला लाकडी तलवार देत, हे ऐकल्यावर तर तू हसून लाल झालास. "फायनल एक्झिट! आपल्याला मेली लाकडी तलवार पण नाय, काचेचं शिल्ड देतात. बॅगेत फुटतं."

तुझं फायनल एक्झिट, म्हणजे कायमचं घरी परतणं, या वर्षअखेरीला होतं. झुबेदाभाभींनी हर्णैच्या घराला नवा रंग काढून ठेवला होता. तुला निरोप देताना एक लाकडी तलवार द्यायची, असं मी मनात धरलं होतं. दम्माममध्ये एक सुतारही बघून ठेवला होता. हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं, म्हणून आता सांगतो.

माझी अडचण तुला माहीत होती. मला आकडा लागतो. हरलेल्यांतले किती जिवंत बाहेर यायचे, एवढा एक आकडा मिळाला असता, तर मी माझं मत ठरवलं असतं. पण तो कुठेच धड मिळेना. एका अभ्यासकाचा अंदाज एक, दुसऱ्याचा दुसरा, आणि दोघांच्याही हाती थोडेसेच दगड आणि थोडीशीच हाडं. तू म्हणायचास, "बहुतेक वेळा सोडायचे." मी विचारायचो, "बहुतेक म्हणजे किती?" तू म्हणायचास, "ते कुणालाच माहीत नाय." मी म्हणायचो, "मग बहुतेकही म्हणू नकोस."

एकदा तू थडग्यांवरचे लेख घेऊन आलास. कितींदा जिंकला, कितींदा बरोबरीत सुटला, कितींदा हरला आणि तरी जिवंत सोडला, असं काही ग्लॅडिएटरांच्या दगडावर कोरलेलं असायचं. "बघ," तू म्हणालास, "हरला, सुटला, पुन्हा उतरला. म्हणजे आपलाच नियम!"

आपल्या बोर्डाचा तो नियम तूच घातलेला. डाव हरला की हरणाऱ्यानं रुसायचं नाही, पावडर जास्त झाली, सोंगटी अडकली असल्या सबबी सांगायच्या नाहीत. समोरच्याकडे बघून विचारायचं, "पुन्हा कधी?" ते विचारल्याशिवाय चहा ओतायचा नाही. माझी जुई अगदी लहान असताना तुझ्याशी हरली आणि डोळ्यांत पाणी आणून बसली, तेव्हाही तू नियम सोडला नाहीस. दुधाचा कप हातात धरून थांबलास. मी म्हटलं, दे रे, पोर आहे. तू म्हणालास, "पोर आहे म्हणूनच." शेवटी तिनं नाक ओढत विचारलं, "पुन्हा कधी?" आणि तू म्हणालास, "ही बघा, ही खेळाडू."

थडग्याच्या त्या मुद्द्यावर त्या दिवशी मी हरलो. विचारलं मीच, "पुन्हा कधी?", आणि चहा घेतला.

इथवर सगळं गमतीचं होतं. मग जुईची स्पर्धा आली.

ती खोबर शहरातल्या मुलींच्या जिममध्ये बॉक्सिंग शिकते हे मला माहीत होतं. मी त्याला व्यायाम समजत होतो. दोरीवरच्या उड्या, पिशवीला गुद्दे. मग एक दिवस गाडीत म्हणाली, "पापा, आय गॉट सिलेक्टेड. रियल बाउट." दुसऱ्या मुलीसमोर, पंचासमोर, लोकांसमोर. आईवडिलांचा होकार हवा होता. वैशालीनं तो केव्हाच दिला होता, पण ती म्हणाली, "तुम्ही नाही म्हणत असाल तर मी एकटीच्या जिवावर पाठवणार नाही. उद्या काही झालं तर दोघांनी मिळून रडायचं, एकमेकांना बोलायचं नाही."

मी नाही म्हटलं. मी म्हटलं, ही ग्लॅडिएटरगिरी आहे. हातमोजे घातले म्हणून रोमचं काही दुसरं होत नाही. समोरच्याला इजा करणं हेच जिथे गुण मिळवायचं साधन आहे, तो खेळ नव्हे.

जुई म्हणाली, "पापा, दिस इज नॉट रोम." आणि खोलीत गेली. दार आपटलं नाही, नुसतं लावलं. त्यानं जास्त लागलं.

दुखापतींचे आकडेही मी शोधले. डोक्यावर संरक्षक टोप, वयाप्रमाणे जोड्या, लहान फेऱ्या, सगळं वाचलं. धोका थोडा आहे असं सगळे सांगत होते. पण थोडा म्हणजे शून्य नव्हे, आणि मला एकच मुलगी आहे. हे गणित कुठल्याही मीटरवर बसत नाही.

त्या शुक्रवारी तू आलास तेव्हा बोर्ड मांडलाच नाहीस. म्हणालास, "तुला खेळ कशाला म्हणायचं ते कळत नाय, म्हणून पोरीचं अडलंय. मी सांगतो. थांबवता येतं तो खेळ." आणि आपल्या प्लॅंटवर आलास. तिथे कुणालाही, काल रुजू झालेल्यालाही, हात वर करून काम थांबवता येतं. धोका वाटला एवढं पुरे, आधी सिद्ध करावं लागत नाही. तू म्हणालास, "हरणारा ग्लॅडिएटर बोट वर करायचा. लगेच पंचाची काठी मध्ये. म्हणजे स्टॉप वर्क होतं त्यांच्याकडे!"

"आणि पुढे काय करायचं ते कोण ठरवायचं?" मी विचारलं. "खेळ भरवणारा शेठ. लोकांचा आरडाओरडा ऐकून, अंगठा वळवून. हात वर केल्यावर निर्णय दुसऱ्याच्या हातात जात असेल, तर ते स्टॉप वर्क नव्हे. ती विनवणी."

तू मान डोलावलीस. मग म्हणालास, "बरं. रोम तुला दिलं. आता जुईचं बोल. तिनं हात वर केला तर शेठ कोण आहे?"

मी म्हटलं, "विषय बदलू नकोस."

"मीटर, विषय हाच आहे."

तू माझंही काम एकदा थांबवलं होतंस. मीटर तपासायची सगळी तयारी झाली होती, माणसं उभी होती, आणि तू लांबून हात वर करत आलास. बाजूच्या व्हॉल्व्हजवळ तुला गॅसचा वास आला होता. मी चिडलो. तू एवढंच म्हणालास, "थांब. पुन्हा कधी ते मग बघू." हनीफ, आजही माझं मत आहे की त्या दिवशी थांबवायची गरज नव्हती. वारा उलट दिशेचा होता आणि मोजणीत काहीच आलं नाही. पण नियम पाळला. थांबवलेलं काम सुरू करायचं तर ज्यानं थांबवलं तो आणि ज्याचं काम आहे तो, दोघांनी जागेवर येऊन बघायचं. दोघांनी हो म्हटल्यावरच पुढे. तू आलास, वास घेतलास, म्हणालास, "यल्ला, चल," आणि मी काम केलं.

जुईवरून झालेल्या त्या वादानंतरच्या गुरुवारी संध्याकाळी मी तुला फोन केला. जिमला दुसऱ्या दिवशी कळवायचं होतं. मी म्हटलं, "मी 'नाही' असंच कळवतोय."

तू म्हणालास, "थांब. स्टॉप."

"हनीफ, ही थट्टा नाही."

"मी पण थट्टा करत नाय. तुझा नकार मी थांबवतोय. हो म्हण असं म्हणत नाय. नुसतं थांब. उद्या येतो, जागेवर बघू."

मी म्हटलं, बरं. तू विचारलंस, वहिनींनी काय केलंय उद्या. मी म्हटलं, आमटी. तू म्हणालास, "कोकम टाकायला सांग, कराडी आमटी नको."

हे आपलं शेवटचं बोलणं. शुक्रवारी सकाळी तुझ्या खोलीवरच्या रफिकचा फोन आला, तू उठत नाहीस म्हणून.

भाभींनी फोनवर सांगितलं, "त्यांना तिथेच दफन करा, माझ्याजवळ काढले त्यापेक्षा जास्त दिवस त्यांनी तिथल्या मातीत काढलेत." आवाज स्थिर होता. मग विचारलं, "भाऊजी, तुम्ही असाल ना तिथे?" मी होतो. नमाजेच्या वेळी बाजूला उभा राहिलो, मग रफिकनं हाताला धरून पुढे नेलं आणि मीही माती दिली. इथल्या रीतीप्रमाणे कबरीवर काही कोरलेलं नाही, नुसता एक दगड. किती डाव जिंकलास, किती हरलास, कुठेच लिहिलेलं नाही. जन्मभर मोजत आलेला माणूस मी, पण आपले डाव कधी मोजले नाहीत. तू मोजू द्यायचा नाहीस.

घरी आलो तेव्हा जुई जेवणाच्या टेबलाशी बसली होती. डोळे सुजलेले. तिनं विचारलं, "पापा, व्हॉट डू आय टेल देम?"

मी हात धुवायला गेलो आणि नळापाशी उभा राहून विचार केला. माझा नकार तू थांबवला होतास. मी "बरं" म्हटलं होतं. म्हणजे तो रीतसर थांबला होता. आता तो पुन्हा सुरू करायचा तर थांबवणारा जागेवर हवा. आणि तू आता येणार नव्हतास. मी सगळ्या बाजूंनी बघितलं, हनीफ. नियमात दुसरी वाट नाही. तू असतास तर मी तुझ्याशी दुपारभर भांडलो असतो आणि बहुतेक नाहीच म्हटलं असतं. हे "बहुतेक" मी जबाबदारीनं लिहितो.

बाहेर आलो. म्हटलं, "माझं नाही म्हणणं काकांनी थांबवलंय."

"मतलब?"

"मतलब जा."

तिनं मला मिठी मारली आणि आम्ही दोघं तुझ्यासाठी रडलो. वैशालीनं आमटीत कोकम घातलं होतं. आम्ही ती जेवलो.

स्पर्धा गेल्या आठवड्यात झाली. जिमच्याच हॉलमध्ये, घरची माणसं चारी बाजूंनी खुर्च्यांवर. मी आधी जाऊन तिच्या कोचला गाठलं. मरियम नावाची मोरोक्कोची बाई आहे, बुटकी, आवाज खणखणीत. तिच्या खांद्यावर पांढरा टॉवेल होता. तो रिंगणात टाकला की लढत थांबते. मी म्हटलं, मी पहिल्या रांगेत आहे, मी हात वर केला की टाका.

"अबू जुई," ती म्हणाली, म्हणजे जुईचे बाबा, "मी तुमच्याकडे बघणार नाही. मी तिच्याकडे बघणार."

मला राग यायला हवा होता. पण मला तूच बोलल्यासारखं वाटलं. शेठ कोण आहे, हे तुझं विचारणं होतं. त्याचं उत्तर मला तिथे मिळालं. शेठ व्हायला मीच निघालो होतो.

लढत मी पूर्ण बघितली, डोळे न मिटता. समोरची मुलगी सीरियन होती, हात लांब. पहिल्या फेरीत जुई बरी होती. दुसरीत नाकावर एक बसला आणि मी खुर्चीतून अर्धा उठलो. पंचांनी मध्ये येऊन लढत थांबवली. जुईसमोर उभं राहून आकडे मोजले, डोळ्यांत बघितलं, काहीतरी विचारलं. सगळा हॉल थांबला होता. वर कुणी बसलेलं नव्हतं, अंगठा वळवणारं कुणी नव्हतं. मरियमनं टॉवेल खांद्यावरून हातात घेतला होता आणि ती फक्त जुईकडे बघत होती. जुईनं मान हलवली, हात वर घेतले, आणि पुन्हा सुरू झालं. थांबवणारा आणि करणारी, दोघं जागेवर, दोघांचं हो. तुझाच नियम, हनीफ.

ती हरली. गुणांवर, आणि स्पष्टपणे. त्याबद्दल पंचांना बोल लावायला जागा नाही, मी नीट मोजत होतो. त्या सीरियन मुलीचा हात वर गेला, दोघींनी एकमेकींना मिठी मारली, आणि जुई दोरांखालून बाहेर आली. नाकात कापूस, एका डोळ्याखाली लाली. माझ्याकडे येईल असं वाटलं. ती आधी मरियमकडे गेली.

तुला माहीत आहे, ती माझ्या मराठीला इंग्रजीत उत्तर देते, आईच्या मराठीला हिंदीत. तिच्या मराठीची मी आशा सोडली होती. ती मरियमसमोर उभी राहिली, अजून धापा टाकत होती, आणि म्हणाली, "पुन्हा कधी?"

मरियमला अर्थातच कळलं नाही. तिनं माझ्याकडे बघितलं. मग मीच इंग्रजीत सांगितलं, ती विचारतेय, पुढची लढत कधी आहे.

मरियम हसली. "इन्शाल्ला, रमजाननंतर."

परत येताना जुई मागच्या सीटवर बर्फाची पिशवी नाकाला लावून झोपली आणि मला थडग्याच्या त्या मुद्द्याचं उत्तर मिळालं. तुला सांगायचं राहिलं म्हणून लिहितो. तो जाळंवाला हरून पुन्हा उतरला, हे खरं. पण पुन्हा कधी, हे त्यानं विचारलेलं नव्हतं. त्याला ते सांगण्यात आलं होतं. आपणहून शपथ घेऊन गेलेल्यांतल्या एखाद्यानं विचारलं असेल, हे मी मान्य करतो, आणि त्याच्यापुरता तो खेळ होता असं लिहायला माझी हरकत नाही. बाकीच्यांच्या बाबतीत नाही. तुझं यावर काहीतरी म्हणणं असणारच. ते ऐकायला मी काय वाटेल ते देईन.

लाकडी तलवार मी करून घेतो आहे. भाभींना विचारलं, त्या म्हणाल्या, पाठवा, नव्या रंगाच्या भिंतीवर लावू. उन्हाळ्याच्या सुट्टीत जुई आणि मी हर्णैला स्वतः नेऊन देऊ. ती म्हणते, तिला जाळं फेकायला शिकायचं आहे.

रोमबद्दल मी माघार घेत नाही. पण जुईच्या बाबतीत डाव तुझा. सबब सांगत नाही, वारा कुठल्या दिशेचा होता तेही काढत नाही. बोर्ड टेबलावर आहे, चहा अजून ओतलेला नाही, आणि विचारायची पाळी माझी आहे.

हनीफ, पुन्हा कधी?